कुर्ली घाट चढते

ते पत्रक मीच लिहिलं होतं, आणि आज या वयातही त्यातला एक शब्द मागे घ्यायची माझी तयारी नाही. ‘रस्ता आमचा, धूळ आमची, पाहुण्यांना शहाळी सोलून देणारे हात आमचे, मग शर्यत तेवढी मुंबईची का?’ असं त्याचं पहिलं वाक्य होतं. तेव्हा मी कॉलेजात कमी आणि मोर्च्यात जास्त असायची. स्टँडचं छप्पर गळतं म्हणून पत्रक, बंदरावर बर्फ महाग झाला म्हणून पत्रक, मुलींच्या वसतिगृहात पाणी येत नाही म्हणून पत्रक. सायक्लोस्टाइलच्या शाईने बोटं कायम काळी, आणि घरच्या गॅरेजमुळे नखं त्याहून काळी. त्या वर्षी मुंबईच्या एका मोटार क्लबाने राजापूरच्या वाटेवरून सड्यावर, म्हणजे वरच्या कातळाच्या पठारावर, चढणाऱ्या घाटात शर्यत ठेवली. गाड्या त्यांच्या, नियम त्यांचे, बक्षिसं त्यांची. आमच्यासाठी गावोगाव एक सूचना चिकटवलेली: शर्यतीच्या दिवशी स्थानिकांनी आपली गुरे व मुले रस्त्यावर येऊ देऊ नयेत. गुरं आधी, मुलं नंतर! एवढं वाचल्यावर मी काय गप्प बसणार होते?

रत्नागिरीतलं आमचं घर म्हणजे पुढे गॅरेज आणि मागे चूल. भाट्याच्या पुलाकडे उतरणाऱ्या रस्त्याला लागून. सकाळी खाडीतून बाहेर पडणाऱ्या लाँचींची टुकटुक, मग कंप्रेसरची धडधड, मग आईच्या पाट्यावर वाटपाचा घसरा. हे तीन आवाज क्रमाने आले की दिवस सुरू झाला असं समजायचं. अप्पा, माझे वडील, तरुणपणी लाँचीवर इंजिन ड्रायव्हर होते. इंजिनाशेजारी आयुष्य काढून त्यांचे कान अर्धे गेले होते, त्यामुळे आमच्या घरात सगळे ओरडून बोलायचे. पाहुण्यांना वाटायचं भांडण चाललंय. सकाळी पेज आणि भाजलेला बांगडा, दुपारी भात आणि जे मिळेल त्याचं कालवण. गॅरेजात काम करणारा प्रत्येक जण आमच्याच पंगतीला असायचा, आणि ग्रीसचे हात नीट न धुता ताटावर बसणाऱ्याला आई भाकरीच्या उलथण्याने पिटाळायची. लोणच्याच्या जुन्या बरण्यांत कार्बोरेटरची जेटं, सुया, वायसर ठेवलेले असत. एकदा एका गिऱ्हाइकाने त्यातली बरणी उघडून बोट घातलं आणि चाटलं. तो माणूस पुन्हा आमच्याकडे गाडी घेऊन आला नाही.

गाडी होती तिचं नाव कुर्ली, म्हणजे आमच्याकडची खेकडी. दोन दारांची, बुटकी, समोरचा अख्खा तोंडवळाच जबड्यासारखा पुढे उघडणारी. बनवणाऱ्या कंपनीने ती बनवणं कधीच बंद केलेलं. एका आंब्याच्या व्यापाऱ्याने तळ कुजला म्हणून आमच्या दारात आणून सोडली ती सोडलीच. अप्पांनी तळ नवा घातला, इंजिन उघडून बांधलं, आणि मी त्याच गाडीवर गाडी शिकले. कुर्ली नाव पडलं ते तिच्या चालीवरून. मागची दोन्ही चाकं मधल्या डिफरन्शियलच्या पेटीपासून सांध्यावर लोंबायची आणि त्यांच्या डोक्यावर आडवी एकच पाट्यांची स्प्रिंग. वळण जोरात घेतलं की गाडीची मागची बाजू उचलली जायची, चाकं पोटाखाली पाय घेतल्यासारखी आत मुडपायची, आणि गाडी समोर न जाता बाजूला निघायची. अगदी कुर्लीसारखी.

पत्रक वाटलं आणि चार दिवसांत क्लबाचे चिटणीस स्वतः गॅरेजात आले. पांढरे बूट, पांढरी टोपी, बोलणं मात्र साखरेच्या पाकातलं. मी कुर्लीच्या खाली होते, तशीच सरकत बाहेर आले.

“पत्रक लिहिणाऱ्या त्या बाई कोण?” ते म्हणाले.

“मीच ती बाई. काय म्हणणं आहे?”

“भाषा झकास आहे हो तुमची. पण पत्रक लिहिणं वेगळं आणि घाटात गाडी घालणं वेगळं. स्थानिक गाडी आम्ही घेत नाही ते तिच्या सुरक्षिततेसाठी. उद्या एखादी दरीत गेली तर पत्रक तुम्हीच काढाल.”

“हां, काढीन.”

ते हसले. मग कुर्लीकडे बघून त्यांनी विचारलं, “ही कुणाची?”

“तिचीच,” अप्पा म्हणाले. अप्पांना त्यांच्या सोयीचं सगळं ऐकू यायचं. “चांगली चालवते. वळणावर जरा तिरकी जाते, पण ती गाडी. पोरगी सरळ आहे.”

चिटणिसांनी तिथेच अट घातली, आणि माझ्या मते ती त्यांना गंमत वाटली म्हणूनच घातली. कुर्लीला एक संधी. त्यांच्या सगळ्यात मागे राहिलेल्या गाडीपेक्षा मला कमी वेळ लागला, तर पुढल्या वर्षीपासून जिल्ह्यातल्या कुणालाही नाव देता येईल. जास्त लागला, तर मी त्याच मांडवात, लाऊडस्पीकरवरून, माझं पत्रक चुकीचं होतं असं वाचून दाखवायचं. माझी जीभ मला माहीत होती. दुसऱ्या कशाला मी इतकी घाबरले नसते. मार खाल्ला असता, पण माफी? आणि तीही घाटाखालच्या गावांतल्या सगळ्या माणसांसमोर, ज्यांच्या वतीने मी मोठ्या तोंडाने लिहिलं होतं?

“कबूल,” मी म्हटलं. आईने मागून हाक मारली, “अगो, आधी विचार तरी कर!” तोवर ते गाडीत बसलेसुद्धा होते.

मग कामाला सुरुवात झाली. कार्बोरेटरचं खातं दाऊदचाचांचं. मिरकरवाडा बंदरावर त्यांची लाँचींची इंजिनं दुरुस्त करायची शेड होती, आणि अप्पांशी दोस्ती लाँचीवरच्या दिवसांपासूनची. मुंबईला माल आणायला गेले होते, तिथल्या भंगारवाल्याकडून त्यांनी एका मोडीत काढलेल्या परदेशी गाडीचे जोडकार्बोरेटर आणले. कागदात गुंडाळलेले, वर घुमटासारख्या टोप्या असलेले. कुर्लीचा मूळचा एकुलता एक कार्बोरेटर म्हणजे मोठ्या कुटुंबाला एकच नळ. शेवटच्या सिलिंडरपर्यंत हवा-पेट्रोलचं मिश्रण पोचेपर्यंत दम संपलेला. आता दोन नळ. दोन्ही बसवायला नळकांडी वाकवून, कापून, जोडून घ्यावी लागली आणि ती बसेपर्यंत दाऊदचाचांनी ज्या शिव्या दिल्या त्या मी तीन भाषांत पाठ केल्या. पुढे सभांमध्ये त्या फार उपयोगी पडल्या.

पण खरं काम ते दोन कार्बोरेटर एका सुरात आणण्याचं. एकाने जास्त हवा ओढली आणि दुसऱ्याने कमी, तर इंजिन लंगडतं. त्यासाठी आमच्याकडे यंत्र नव्हतं. पेट्रोलची रबरी नळी होती. तिचं एक टोक कार्बोरेटरच्या तोंडाशी धरायचं, दुसरं कानात घालायचं, आणि हवेचा फुसकारा ऐकायचा. मग दुसऱ्याचा. अप्पांच्या कानांचा उपयोग नव्हता, चाचांचे त्यांच्याहून बरे नव्हते, म्हणून कान माझे. स्क्रू पाव फेरा आत, पुन्हा ऐक. अर्धा बाहेर, पुन्हा ऐक. आई म्हणायची, “डॉक्टरीण झालीस की काय गो?” शेवटी एका दुपारी दोन्ही फुसकारे असे जुळले की नळी इकडची तिकडे नेली तरी फरक कळेना. इंजिनाचा आवाज गोल झाला. अप्पांनी हाताचा पंजा बॉनेटच्या कडेवर ठेवला, कंप हाताने ऐकला आणि मान डोलावली. आयुष्यात मला पुष्कळ टाळ्या मिळाल्या, पण ती मान डोलावणं वेगळंच.

एक खोड राहिली. ॲक्सिलरेटरवर पाय एकदम दाबला की इंजिन क्षणभर अडखळायचं. त्या घुमटांच्या आत एक दट्ट्या असतो, तो हवेच्या ओढीने वर उचलला जातो. फार पटकन उचलला जाऊ नये म्हणून वर थोडं तेल घालतात. आम्ही शिलाई मशीनचं घातलं होतं, ते पडलं पातळ. इंजिनाचं तेल अप्पांना फार जड वाटलं. मग आमच्या घरात केस, दिवा, बिजागऱ्या, भाजलेलं बोट या सगळ्यावर जो एकच इलाज होता तोच अप्पांनी केला. “खोबरेल आण,” ते म्हणाले. आईने न्हाणीच्या कोपऱ्यातली बाटली दिली. दोन्ही घुमटांत थोडं थोडं ओतलं, आणि कुर्लीने पाय दाबताक्षणी अशी उसळी घेतली की दाऊदचाचा फाटकात जाऊन उभे राहिले. “आयला, खोबरं पिऊन धावते!”

मागच्या चाकांचं मात्र आम्ही आधी साफ चुकवलं. चूक आमच्या गावाचीच. रत्नागिरीत सपाट मोकळी जागा म्हणजे भाट्याचा किनारा. ओहोटीला वाळू दबून डांबरासारखी होते. रिक्षा शिकायची तर तिथे, बुलेट पळवायची तर तिथे, त्यामुळे कुर्लीची परीक्षाही तिथेच. भरती-ओहोटी आम्हाला तोंडपाठ. वाळूवर कळलं की गाडी जितकी कडक आणि बुटकी तितकी धावते. मग काय, मागच्या स्प्रिंगमध्ये जादा पाटा घातला, पुढच्या स्प्रिंगा कापून गाडी खाली बसवली. सुरूच्या बनाकडून पाण्याकडे सुटायची ती गोळीसारखी. आम्ही तिघे खूश. मग अप्पा म्हणाले एकदा कातळावर नेऊन बघू, आणि सड्यावरच्या खडबडीत रस्त्यावर पहिल्याच वळणाला कुर्ली बेडकासारखी उडत उडत कडेच्या गवतात गेली. मला काही झालं नाही. बांधावर चरणाऱ्या म्हशीने मान वर करून पाहिलं तेवढंच.

दाऊदचाचा खाली वाकून चाकं बघत म्हणाले, “वाळूने फसवलं रे.”

“वाळूवर खड्डा कुठला? भरती येते नि सगळं सारवून जाते,” अप्पा म्हणाले. “चाक जमिनीवर टेकलं तर ढकलील ना! हवेत काय ढकलील?”

मी चिडले होते. मला वाटत होतं अजून एक पाटा घालावा, अजून कडक करावी. कडक असणं म्हणजेच जोरकस असणं, असा माझा तेव्हा सगळ्याच बाबतींत समज होता. अप्पांनी उलटं केलं. जादा पाटा काढला. पुढे नव्या, पूर्ण उंचीच्या स्प्रिंगा घातल्या. आणि मग मला त्यांनी अंगणात पाण्याची कावड घेऊन उभं केलं. “काठी खांद्याला घट्ट बांधली तर? एका बाजूचं भांडं हललं की तू कलंडशील. नुसती टेकवली तर काठी डुलते, तू सरळ.” कुर्लीची आडवी स्प्रिंग मधल्या पेटीला सगळ्या पाट्यांसकट आवळून बांधलेली होती. अप्पांनी फक्त सगळ्यात खालचा पाटा आवळला आणि वरचे मधोमध डुलते ठेवले. आता वळणावर एक चाक वर गेलं तर दुसऱ्याला ओढून मुडपत नव्हतं. मागची बाजू मऊ झाली म्हणून गाडी फार कलंडू नये, यासाठी पुढे दोन्ही चाकांना जोडणारा जाड पोलादी दांडा लोहाराकडून वाकवून आणला. पुन्हा सड्यावर गेलो, आणि त्याच वळणावर कुर्ली पहिल्यांदाच, कुर्लीचा स्वभाव सोडून, समोर बघत गेली. मी परत आले तेव्हा माझा चेहरा बघून चाचा म्हणाले, “आता हिला आवर घालणं कठीण.”

आज माझ्या गुडघ्यांना कुणी असं काम करून देईल तर मी त्याच्या नावे एक स्तुतिपर पत्रक काढीन. आयुष्यात तेवढ्या एकाच प्रकारचं पत्रक लिहायचं राहिलंय.

शर्यतीची सकाळ पौषातली. घाटाच्या पायथ्याला नदीवर धुकं, माणसं कांबळी पांघरून दरडींवर बसलेली. झाडांवर पोरं. सूचना देऊनही गुरं आणि मुलं दोन्ही हजर. मुंबईच्या गाड्या रांगेत, रंगीत, पोटावर आकडे रंगवलेल्या. सगळ्यांच्या मागे कुर्ली, अर्धी निळी, अर्धी नुसतीच प्रायमर मारलेली. नियम असा की तपासणीनंतर इंजिन बंद करून नदीकाठी रांगेत उभं राहायचं आणि आपली पाळी येण्याच्या थोडंच आधी सुरू करायचं. आईने दिलेल्या आंबोळ्या मी त्या थंडीत उभ्याने खाल्ल्या. भूक नव्हती, पण टाकल्या असत्या तर घरी कळलंच असतं.

पाळी जवळ आली. इंजिन सुरू झालं, संथ चाललं, आणि मी पाय दाबला तर घुसमटलं. पुन्हा दाबला, पुन्हा घुसमट, जणू कुणी तोंडावर उशी धरलीय. बाहेर निशाणवाला पुढच्या गाडीसाठी निशाण उचलत होता, तिच्यानंतर मी. मुंबईची दोन पोरं आमच्याकडे बघून हसत होती. अप्पा बॉनेट उघडून पेट्रोल तपासत होते, चाचा वायरी. मी स्टिअरिंगवरून हात काढले आणि बोटं तोंडाशी धरून फुंकर मारली, आणि त्या क्षणी मला आमच्या न्हाणीतली बाटली दिसली. पौषात सकाळी तिच्यातलं तेल गोठून पांढरं होतं, आणि आईने ती उन्हात ठेवल्याशिवाय आमच्या डोक्याला तेल लागत नाही. भाट्याला आम्ही नेहमी दुपारी जायचो!

“अप्पा! खोबरेल थिजलंय!” मी जीव खाऊन ओरडले. आमच्या घरच्या ओरडण्याच्या सवयीचं त्या दिवशी सार्थक झालं.

अप्पांनी माझ्याकडे पाहिलं, घुमटाचं झाकण फिरवून काढलं, आत पांढरी गोळी आणि दट्ट्या तिच्यात रुतलेला. चाचांना सांगावं लागलं नाही. ते मांडवाशेजारच्या चहावाल्याकडे धावले आणि त्याच्या स्टोव्हवरची अख्खी किटली घेऊन आले. चहावाला मागे धावतोय, “ओ चाचा, बासुंदी चहा हाय तो, साहेबलोकांचा!” चाचांनी खांद्यावरचा पंचा त्यात बुचकळला आणि दोन्ही घुमटांना गरम पंचा गुंडाळला. वाफ निघाली. वेलचीचा वास सुटला. चिटणीस पांढऱ्या बुटांनी चिखल चुकवत आले.

“हा काय प्रकार?”

“गाडीने चहा घेतला नव्हता,” अप्पा म्हणाले.

दरडीवरून हशा उठला तो वरपर्यंत गेला. पंचा पुन्हा बुचकळला, पुन्हा गुंडाळला. मी पाय दाबला. एक घुसमट, अर्धी घुसमट, आणि मग तो आवाज आला, गोल, भरलेला, दोन्ही फुसकारे एका सुरात. अप्पांनी बॉनेट पाडलं आणि त्यावर थाप मारली.

निशाण खाली आलं.

त्या चढाबद्दल मी खूप ठिकाणी बोलले आहे आणि दर वेळी ऐकणाऱ्याला आवडेल तसं वाढवूनही सांगितलं असेल. इथे मात्र होतं तेवढंच लिहिते. पहिल्या सरळ पट्ट्यात मुंबईच्या गाड्या माझ्याहून जलद होत्या, यात वाद नाही. इंजिनं मोठी होती. पण वळणं सुरू झाली तसं मला कळत गेलं की रस्ता त्यांच्याशी बोलत नव्हता आणि माझ्याशी बोलत होता. उसकटलेलं डांबर, मध्ये जांभ्या दगडाचे ठोकळे, कडेला लाल माती; प्रत्येक खड्ड्यात कुर्लीचं एक चाक खाली उतरायचं, पुन्हा वर यायचं, आणि गाडी मात्र रस्ता सोडायची नाही. वळणाच्या तोंडाशी ब्रेक, आत शिरताना पाय सोडायचा, मध्यावर आल्यावर पुन्हा दाबायचा. आधी ती इथेच बाजूला निघायची. आता मागची चाकं रस्त्याला धरून ढकलत होती. कडेला माणसं ओरडत होती ते मला ऐकू येत नव्हतं, फक्त उघडी तोंडं दिसत होती. एका केसाच्या पिनेसारख्या वळणावर मुंबईची एक लाल गाडी कडेच्या दगडांवर पोटाने बसलेली होती आणि तिचा चालक हेल्मेट काढून बिडी मागत होता. शेवटचं वळण मी दुसऱ्या गिअरमध्ये घेतलं, पाय एकदाही न उचलता, आणि सड्यावर आले तेव्हा समोर एकदम इतकं आभाळ होतं की मी थांबायच्या रेषेच्या बरीच पुढे गेले.

सगळ्या गाड्या खाली मांडवाशी परतल्या तेव्हा चिटणिसांच्या हातात वेळांचा कागद होता आणि तोंडात पाक नव्हता. तरी, हे मी मान्य करते, माणूस दिलदार निघाला. त्यांनी स्वतः लाऊडस्पीकर हातात घेतला. मुंबईच्या निम्म्या गाड्या कुर्लीच्या मागे होत्या. त्यांनी तसं सांगितलं, आणि पुढच्या वर्षीपासून जिल्ह्यातल्या गाड्यांना प्रवेश खुला, हेही सांगितलं. पुढचं काही ऐकू आलं नाही. दरडीवरून माणसं खाली यायला लागली होती. मला कधीही न पाहिलेल्या एका म्हातारीने माझा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि विचारलं, “कुणाची गो तू?” मी सांगितलं. “मग बरोबर,” ती म्हणाली. चहावाल्याने उरलेला चहा फुकट वाटला, आणि त्यात पंच्याची चव आहे असं कुणी म्हटलं की तो त्याला शिव्या द्यायचा.

पुढच्या वर्षी पायथ्याशी रांग लागली. राजापूरचा एक टॅक्सीवाला आपली जीप घेऊन आला, टपावरचं कॅरिअरही काढलं नव्हतं. केळशीहून दोघे भाऊ आले, त्यांनी बागेच्या पंपाचं इंजिन विकून गाडीला स्प्रिंगा घातलेल्या. मासळीच्या टेम्पोवाल्याने टेम्पो आणला, त्याला मात्र नियमाने परत पाठवावं लागलं, आणि त्यावर मी तिथल्या तिथे भांडले. आमच्या गॅरेजात महिनाभर गाड्यांची रीघ होती. स्प्रिंग डुलती करून द्या, जोडकार्बोरेटर बसवून द्या. अप्पा कुणाला नाही म्हणाले नाहीत, काही लपवलं नाही. जे माझ्या गाडीला केलं तेच माझ्याविरुद्ध धावणाऱ्यांच्या गाड्यांना केलं, जरा सुधारून. त्या वर्षी मला त्या जीपवाल्याने हरवलं, केळशीच्या भावांनी हरवलं, आणखीही कुणीकुणी हरवलं. मी शेवटून दुसरी आले. सड्यावर गाडीतून उतरले, वर आलेल्या प्रत्येकाच्या पाठीवर थाप मारत रांगेच्या टोकापर्यंत गेले, आणि मला आठवतं, माझा आवाज ओरडून ओरडून पार बसला होता.